झिंक ऑक्साईडचं गणित अधिक २४० येतंय, मग कोळसा चालतोच कसा?

रेणापूरची_रिपीटर
लातूरला रिपीट करायलेय. कालच्या टेस्टला होतं, कार्बननं झिंक ऑक्साईडचं रिडक्शन होईल का, म्हणजे कार्बन त्यातला ऑक्सिजन काढून घेईल का? मी फॉर्मेशन एन्थाल्पी (मूलद्रव्यांपासून संयुग बनताना होणारा उष्णतेचा बदल) मांडल्या. कार्बन मोनॉक्साईड उणे ११०.५, झिंक ऑक्साईड उणे ३५०.५. डेल्टा एच, म्हणजे रिॲक्शनचा उष्णतेचा बदल, आला अधिक २४० किलोज्यूल. एवढी उष्णता खाणारी रिॲक्शन कशाला होईल, म्हणून "नाही" केलं. चार गेले, वर एक उणे. याच पद्धतीनं थर्मिटचं (ॲल्युमिनियम आणि फेरिक ऑक्साईडची रिॲक्शन) उणे ८५२ काढलं होतं, ते बरोबर निघालं. सरांना विचारलं तर म्हणाले, एलिंगहॅमचा ग्राफ (कुठल्या तापमानाला कोण कुणाचा ऑक्सिजन ओढतं ते दाखवणारा) पाठ कर अन् पुढं चल. पाठ आहे ओ ग्राफ! तेच गणित एकदा चालतं, एकदा नाही, असं का? खोलीत आम्ही चौघी, चौघींचं "नाही"च होतं.

परभणीकर
डेल्टा एच नाही, डेल्टा जी बघायचा, म्हणजे डेल्टा एच वजा तापमान गुणिले एन्ट्रॉपीतला बदल. तो उणे आला की झालं.

रेणापूरची_रिपीटर
दादा, ते पुस्तकात आहेच की.

भट्टीवरला_जालना
ताई, मी जालन्यात इंडक्शन भट्टीवर केमिस्ट. आमच्याकडं खनिज येत नाही, भंगार येतं. पण तुझा प्रश्न मला शिफ्टमध्ये डोळ्यांनी दिसतो.

पावसाळ्यात भंगार गंजलेलं येतं. (ओलं असलं तर भट्टीत टाकायचंच नाही, रस अंगावर उडतो.) गंजका माल रसात गेला की पिठलं रटरटावं तसं वर बुडबुडे यायला लागतात. नवी पोरं म्हणतात भट्टी उकळली. लोखंड कुठलं उकळतंय! रसातला कार्बन लोखंडाच्या ऑक्साईडमधला ऑक्सिजन घेतो अन् कार्बन मोनॉक्साईड होऊन निसटतो. याचं गणित कर. फेरस ऑक्साईड उणे २७२, म्हणजे डेल्टा एच अधिक १६० च्या आसपास. तुझ्या हिशेबानं हे व्हायलाच नको, अन् माझ्यासमोर रटरटतंय.

मग लॅडलमध्ये (रस ओतून घ्यायचं भांडं) ॲल्युमिनियम टाकतो. तेही ऑक्सिजनच ओढतं, पण बुडबुडा नाही. रस गप्प होतो, आम्ही त्याला स्टील "किल" केलं म्हणतो. तीन फेरस ऑक्साईडला डेल्टा एच उणे ८६०.

फरक त्या बुडबुड्यात आहे. घन कार्बन किंवा रसात विरघळलेला कार्बन वायू होऊन मोकळा सुटला की एन्ट्रॉपी, म्हणजे कणांचा विस्कळीतपणा, एकदम वाढते, आणि तापमान जितकं जास्त तितकं तिचं वजन जास्त. १६०० डिग्रीला ती अधिक १६० ला सहज झाकून टाकते. ॲल्युमिनियमच्या वेळी वायू कुठेच नाही, एन्ट्रॉपी फार हलत नाही, म्हणून नुसत्या डेल्टा एचवर भागतं. तुझं थर्मिट बरोबर आलं ते यामुळंच. फेरिक ऑक्साईड आणि कार्बन मोनॉक्साईडचंही तसंच, डेल्टा एच जेमतेम उणे २५, पण वायूचे मोल इकडं तीन, तिकडं तीन. म्हणून आधी वायू मोज, मग डेल्टा एचवर विश्वास ठेव.

तुझ्या झिंकमध्ये एन्ट्रॉपी सुमारे १९० ज्यूल प्रति केल्विननं वाढते. डेल्टा एचला तिनं भाग देऊन बघ, त्या तापमानाला डेल्टा जी शून्य होतो, त्याच्या वर उणे.

अंबाजोगाईचा_मास्तर
छान सांगितलंत. एक भर घालतो, पोरं इथं हमखास फसतात. ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साईड) उणे १६७६, मॅग्नेशियम ऑक्साईड उणे ६०२, हे बघून ऑक्सिजन ओढायला ॲल्युमिनियम जास्त ताकदवान धरतात. अहो, ॲल्युमिनात ऑक्सिजन तीन आहेत! एका ऑक्सिजनमागं ते ५५९ च पडतात. साध्या तापमानाला मॅग्नेशियमच वरचढ.

रेणापूरची_रिपीटर
२,४०,००० भागिले १९०, १२६३ केल्विन. म्हणजे ९९० सेल्सिअस! पण काका, झिंक तर ९०७ लाच उकळतं ना?

भट्टीवरला_जालना
बरोबर पकडलंस. मग झिंकही वायूच निघणार. डेल्टा एचमध्ये झिंकचा वायू व्हायला लागणारे १३०.४ मिळव, एन्ट्रॉपी ३०९ धर आणि परत कर.

रेणापूरची_रिपीटर
९२५ च्या आसपास येतंय. मैत्रिणीचं ९२४ आलंय, ती दशांश सोडत नाही. डबा गार झाला आमचा.