मदत हवी आहे: कुत्रीची खाज इंजेक्शनने थांबते आणि दहा दिवसांत परत येते

आमची चिमणी गावठी, चार वर्षांची. आम्ही चिपळूणजवळ राहतो. जूनअखेरीपासून ती सारखी खाजवतेय. आधी वाटलं, पावसात भिजते म्हणून असेल. आता शेपटीच्या बुडापासून कमरेपर्यंत केस विरळ झालेत. परवा सकाळी उजव्या मांडीवर रुपयाएवढी ओली, चिकट, लालबुंद जखम दिसली. रात्री तिथं काहीच नव्हतं! संध्याकाळपर्यंत ती तळहाताएवढी झाली. केस त्यात चिकटून बसलेत, हात जवळ नेला तरी कळवळते.

डॉक्टरांनी दोनदा इंजेक्शन दिलं. प्रत्येक वेळी आठ-दहा दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. आई हळद-खोबरेल लावते, ते ती चाटून टाकते. शेजारचे काका म्हणतात, गाडीचं जळकं ऑइल लावा, गावात सगळे लावतात. मला भीती वाटते. घरात मांजरही आहे. ही खरूज असेल का? रात्रभर तिच्या पायाचा फरशीवर ठक-ठक आवाज येतो, झोप लागत नाही हो.

प्रतिसाद

ताई, जळकं ऑइल अजिबात लावू नका. कातडी भाजते आणि चाटल्यावर विष पोटात जातं. फिनेल, रॉकेलही नको.

मांडीवरची जखम चावून-चाटून झालेली दिसते, डॉक्टर तिला हॉट स्पॉट म्हणतात. ती दाखवून घ्याच. तोवर गळ्यात कोन (चाटता-चावता येऊ नये म्हणून घालतात ती नरसाळ्यासारखी कॉलर) घाला आणि जखम कोरडी ठेवा. तेल लावलं की ओल आत कोंडते, म्हणून खोबरेल थांबवा.

खाज कुठे आहे ते महत्त्वाचं. खरूज बहुधा कानांच्या कडांवर आणि कोपरांवर आधी दिसते, घरातल्या माणसांनाही खाज सुटू शकते. कंबर आणि शेपटीचं बूड म्हटलं की मला आधी पिसवांचा संशय येतो. बारीक दातांच्या फणीने कंबर विंचरा आणि जे निघेल ते ओल्या पांढऱ्या कापसावर टाका. काळे कण विरघळून तांबूस डाग पडला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. कुत्रीला पिसवेच्या लाळेची ॲलर्जी असेल तर थोडे चावेही पुरतात.

इंजेक्शन कोणतं होतं ते विचारा. स्टेरॉइड असेल तर खाज दबते, पिसवा तशाच राहतात. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायलाही सांगा, म्हणजे खरजेचे किडे शोधता येतील. ते दर वेळी सापडतातच असं नाही, म्हणून एका तपासणीवर निर्धास्त होऊ नका.

आणि मांजर! कुत्र्यांच्या पिसवांवरच्या काही औषधांत पर्मेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, ते मांजराच्या जिवावर बेततं. मांजरालाही पिसवांचं औषध लागेल, पण तिचं वेगळं, डॉक्टरांनी दिलेलं.

धागाकर्ती

फणी फिरवली. कापसावर मिरीपूड सांडावी तसे कण होते, मिनिटभरात भोवती विटकरी रंग पसरला. बघून पोटात कालवलं. इतके दिवस मी तिला पावसाची खाज म्हणत होते.

उद्या डॉक्टरांकडे नेते, इंजेक्शनचं नावही विचारते. ती पडवीत गोणपाटावर झोपते. ते जाळून टाकू का? आणि फरशीच्या फटींचं काय करायचं?

प्रतिसाद

गोणपाट जाळा. पिसवांची अंडी अंगावरून गळून अंथरुणात आणि फटींत पडतात. फटी रोज झाडा, कचरा घराबाहेर टाका, नवं अंथरूण आठवड्याला उकळत्या पाण्यात धुवा. कोशातल्या पिसवा उशिरा बाहेर येतात, म्हणून खाज थांबली तरी निदान तीन महिने औषध चुकवू नका. उद्या डॉक्टर काय म्हणाले ते इथे नक्की लिहा, वाट बघतो.