‘लाईन’ला मराठीत किती शब्द लागतात?

धुऱ्यावरून
शाळेच्या इंग्रजी-मराठी शब्दतक्त्यात ‘लाईन’पुढं तीन शब्द छापलेले असतात: रेषा, ओळ, रांग. माझं म्हणणं, ती ओळ पुसून टाका. लाईन गेली, लाईनीत लाग, गाडी लाईनीवर आली, पोरगा कोणत्या लाईनीत आहे, फार लाईन मारतो. पाचही ठिकाणी अर्थ वेगळा, तरी वऱ्हाडात कोणाला विचारावं लागत नाही. शब्दाला लिंग मिळालं (ती लाईन), अनेकवचन मिळालं (लाईनी), विभक्ती लागली (लाईनीले) की तो आपला झाला. गंमत म्हणजे ज्यांनी राज्य केलं ते इंग्रज रांगेला ‘क्यू’ म्हणतात, ‘लाईन’ म्हणतात अमेरिकेत. पण रेशन दुकानापुढं क्यू कोणी लावत नाही, लाईनच लागते.

डीपीखालचा
पाचातल्या पहिल्याच वाक्यावर माझा आक्षेप. ‘लाईन गेली’ घरातल्या घरात ठीक, तक्रार नोंदवताना त्यातून काही कळत नाही. पूर्ण गाव अंधारात असेल तर बहुतेक 11 केव्हीचा फीडर (गावाला वीज आणणारी 11 हजार व्होल्टची लाईन) ट्रिप झालेला, म्हणजे आपोआप बंद पडलेला असतो. एका आळीत अंधार आणि शेजारच्या आळीत उजेड असेल तर डीपीच्या (गावातल्या रोहित्राच्या) पेटीतला तीन फेजपैकी एकाचा फ्यूज उडालेला. काही घरांत लाईट नीट आणि बाकी सगळीकडं मिणमिणता असेल तर वरचा डीओ (रोहित्राआधीचा 11 केव्हीचा फ्यूज) पडलेला. 11 केव्हीचा एक फेज तुटला की रोहित्राच्या डेल्टा-स्टार जोडणीमुळं खालच्या दोन फेजचं व्होल्टेज निम्म्यावर येतं, तिसरा नीट राहतो. तुम्ही नुसतं ‘लाईन नाही’ म्हणता, लाईनमन फ्यूजची तार घेऊन येतो, आणि डीओ चढवायचा लांब दांडा ऑफिसातच राहतो. एक फेरी वाया.

मोटरचं तर विचारूच नका. ‘लाईन आली’ ऐकून बटण दाबलं आणि फेज दोनच असले, तर मोटर नुसती घुमते, फिरत नाही. चालू मोटरचा एक फेज गेला तर ती फिरत राहते, पण उरलेल्या दोन फेजमधून दीड-पावणेदोन पट करंट जातो आणि वाइंडिंग जळतं. म्हणून विचारायचं, तिन्ही फेज आहेत का?

धुऱ्यावरून
मग तुम्ही तरी कोणती मराठी वापरली भाऊ? फेज, फ्यूज, फीडर, डीओ. कागदावर ‘वाहिनी’ लिहितात. गावात ‘वाहिनी गेली’ म्हणून पाहा, लोक विचारतील, माहेरी का?

डीपीखालचा
इंग्रजी शब्दाशी भांडण नाही. भोंगळ शब्दाशी आहे.

सरता-तिफण
काहून जी एवढे फेजवर अडले? वावरात या. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) लाईनले ‘ओय’ (ओळ) कोनी म्हनत नाही, तास म्हन्तात. ‘लाईनीचं अंतर चार फूट’ म्हटलं की घोटाया होते. दोन तासातलं, का एकाच तासातल्या दोन झाडातलं? चार बाय एक फुटावर एकरी 10,890 झाडं बसतात, तीन बाय एकवर 14,520. 3,630 झाडांचा फरक पडते बाप्पा! भारी जमिनीत तीन फुटावर पऱ्हाटी लवकर दाटते, डवऱ्याले (कोळप्याले) जागा राहत नाही, फवारा खालपर्यंत पोचत नाही, आन खालची बोंडं सडतात. ‘तासातलं’ आन ‘झाडातलं’ हे दोन शब्द वापरले असते तं हे झालंच नसतं.

नळीवाला
ठिबकचंही तेच. ‘लाईन चोकली’ म्हणजे नक्की काय? पूर्ण प्लॉटचा दाब कमी असेल तर आधी फिल्टर पाहा. एकाच नळीवर पाणी नसेल तर त्या नळीचं टोक उघडून गाळ बाहेर काढा. इकडंतिकडं एकेक ड्रिपर बंद असतील तर बहुतेक क्षार. तीन दुखणी, तीन उपाय.

शाळेच्या ओट्यावरून
तक्ता पुसू नका, नीट भरा. ‘रेषा’ला कोणी हात लावायचा नाही. भूमितीत रेषेला टोकच नसतं. पट्टीनं वहीत काढतो तो रेषाखंड, आणि इथंच मुलांचे गुण जातात. पेनानं ओढली ती रेघ, मजकुराची ओळ, माणसांची रांग, जेवणाऱ्यांची पंगत, पाण्याची पाळी, गवंड्याची दोरी. मूळ पाहिलं तर इंग्रजी शब्द लॅटिन ‘लिनम’वरून आला. लिनम म्हणजे जवस. जवसाच्या धाग्याची दोरी ताणली, ती लाईन. आपला सुतारही सूतच धरतो, आणि सूत म्हणजे त्याच्या हिशेबात इंचाचा आठवा भाग.

धुऱ्यावरून
जवसातून निघालेला शब्द विदर्भात परका कसा? मुद्दा माझाच सिद्ध झाला.

शाळेच्या ओट्यावरून
आपण जवस पेरतो तेलासाठी आणि चटणीसाठी. ते बुटकं, फांद्या फुटणारं. धाग्याचं जवस उंच, सरळ, कमी फांद्यांचं. नातं आहे, पण लांबचं.

डीपीखालचा
तक्त्याचं काहीही करा, एक वाक्य मात्र त्यात हवंच. खांबावर माणूस असताना ‘लाईन बंद केली’ एवढंच बोलायचं नाही. फीडरचं नाव आणि डीपीचा क्रमांक सांगायचा, समोरच्यानं तेच परत म्हणायचं. त्यानंतरही तारेत वीज नाही हे तपासून, अर्थिंग करूनच हात लावायचा. कधी एकाच खांबावर 11 केव्ही आणि लघुदाब (घरांकडं जाणाऱ्या) दोन्ही तारा असतात. बंद कोणती केली?

धुऱ्यावरून
हे मान्य. बाकी चार वाक्यांत लाईन राहू द्या.

सरता-तिफण
राहू द्या, पन तक्त्यात ‘तास’ लिहा. शाळेतल्या पोराले तास म्हनजे पिरेड वाटन, तेवढं गुरुजी समजावून सांगतीन.