वारस निवडायचं काम जाणाऱ्या कोचचं नाहीच!

काठावरचा (धागाकर्ता)

परवा 'शेवटचीशिटी' यांनी इथे छातीठोकपणे लिहिलं की ज्या कोचने वीस-पंचवीस वर्षं फुटबॉल क्लब सांभाळला त्याला जाताना आपला वारस निवडायचा हक्क हवाच, कारण ड्रेसिंग रूम त्याच्याइतकी कोणाला कळते, आणि शक्यतो तो वारस त्याचाच असिस्टंट असावा म्हणजे घडी मोडत नाही. खाली रांगेने +१. डोकंच फिरलं. तिथेच उत्तर द्यायला बसलो होतो पण ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढतोय.

मँचेस्टर युनायटेडचा मॅनेजर फर्ग्युसन, त्याच्यापासूनच सुरू करू, शेवटी सगळे तिथेच येणार आहेत. १९८६ ते २०१३, १३ लीग टायटल. वारस कसा ठरला? त्याच्या जागी आलेल्या मॉयसनेच सांगितलंय, फर्ग्युसनने घरी बोलावलं, मी रिटायर होतोय म्हणाला आणि युनायटेडचा पुढचा मॅनेजर तू. विचारलं नाही, सांगितलं. सहा वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, आणि पुढच्या एप्रिलमध्ये नारळ. टीम सातवी.

आता लगेच "मॉयसची लायकीच नव्हती" म्हणत येऊ नका, ते गेली कित्येक वर्षं ऐकतोय. माणूस सोडा, त्याला हातात काय मिळालं ते बघा. स्कोल्स गेला, गिग्ज ३९ चा, फर्डिनंड ३४, एव्हरा ३२, विडिच ३१. म्हातारा शेवटचं टायटल जिंकून गेला पण टीमही म्हातारी करून गेला. वर त्याच उन्हाळ्यात डेव्हिड गिलही गेला, म्हणजे खरेदी-विक्री ज्याच्या हातात होती तोच नाही. त्याच्या जागी वुडवर्ड. पहिल्याच ट्रान्सफर विंडोत (खेळाडू विकत घ्यायच्या मुदतीत) काय झालं? एव्हर्टनच्या फेलायनीचा रिलीज क्लॉज (ठरलेली रक्कम, ती भरली की क्लबला खेळाडू सोडावाच लागतो) २३.५ मिलियन पाउंडचा होता तो जुलैअखेर संपू दिला आणि विंडोच्या शेवटच्या दिवशी त्याच माणसाला २७.५ मोजले. याला वारसाची निवड चुकली म्हणायचं का? क्लब चालवायची सगळी अक्कल एका डोक्यात साठली होती आणि ते डोकं घरी गेलं, एवढंच झालं.

उलट लिव्हरपूल बघा. कोच क्लॉपने आपण जातोय हे क्लबला २०२३ च्या नोव्हेंबरात सांगितलं, लोकांना जानेवारीत. मग क्लबने फुटबॉलचा कारभार बघायला एडवर्ड्सला परत आणलं, ह्यूजला स्पोर्टिंग डायरेक्टर (कोच-खेळाडू निवडणारा अधिकारी) म्हणून आणलं, त्यांनी नवा कोच स्लॉट शोधला. क्लॉपने वारसाच्या भानगडीत नाक खुपसलं नाही. त्याचा असिस्टंट लाइंडर्स होता की, त्याला दिलं का? नाही दिलं. तो साल्झबुर्गला गेला आणि डिसेंबरात तिथून काढला. आणि स्लॉटने पहिल्याच सीझनला लीग मारली, त्या उन्हाळ्यात टीममध्ये आलेला नवा माणूस एकच, किएझा.

बोला आता.

शेवटचीशिटी

बोलतो. माझ्यावर धागा काढल्याबद्दल आभार, प्रसिद्धी कोणाला नको असते.

पहिलं म्हणजे मॉयस हा असिस्टंट नव्हता. एव्हर्टनहून आलेला बाहेरचा माणूस. मी म्हणतोय घरातला माणूस घ्या आणि तुम्ही मला बाहेरच्याचं अपयश दाखवताय, हे कुठलं लॉजिक? वर त्या बाहेरच्याने आल्या आल्या काय केलं? फेलन, मेलेनस्टीन, एरिक स्टील, सगळा जुना स्टाफ घालवला आणि एव्हर्टनची वरात घेऊन आला. म्हणजे ड्रेसिंग रूम ज्यांना कळत होती तेच बाहेर. हा माझा मुद्दा झाला, तुमचा नाही.

दुसरं, लिव्हरपूलवर बोलायचंच तर पूर्ण बोला की. १९७४ ला शँकली गेला, असिस्टंट पेझली आला, त्याला तर ते पद नकोच होतं. नऊ वर्षांत सहा लीग आणि तीन युरोपियन कप. मग त्याच बूट रूममधला (क्लबच्या कोचिंग स्टाफच्या बैठकीच्या खोलीतला) फेगन, १९८४ ला एकाच सीझनला लीग, लीग कप आणि युरोपियन कप. मग डलग्लिश, तोही घरातलाच. तीनदा वारस बदलला आणि बाहेरून एक माणूस आणला नाही. बार्सिलोनात ग्वार्डियोला गेल्यावर त्याचा असिस्टंट विलानोवा, पहिल्याच सीझनला १०० पॉइंट. यांना कुठल्या डायरेक्टरने लॅपटॉप उघडून शोधलं होतं?

आणि एक खरेदी करून लीग जिंकली याचं श्रेय क्लॉपने मागे ठेवलेल्या टीमला जातं. कोच चांगला असेल तर तो घर आवरून जातो.

बदलीखेळाडू

शिटीसाहेबांना +१. बादवे, विलानोवाच्या आजारपणामुळे पुढे काय झालं असतं ते कळलंच नाही, त्यामुळे ते उदाहरण अर्धंच धरा.

काठावरचा

विलानोवाचं सोडा, लव्हचं बोला. जर्मनीच्या टीमचा कोच लव्ह २००६ ते २०२१, स्वतः क्लिन्समनचा असिस्टंट होता. त्याच्यानंतर फ्लिक, जो लव्हचा असिस्टंट आणि २०१४ च्या वर्ल्डकपला त्याच्याच बाजूला बेंचवर. तुमच्या थिअरीप्रमाणे आदर्श वारस. झालं काय? २०२२ ला ग्रुपमधूनच घरी, २०२३ च्या सप्टेंबरात जपानकडून ४-१ आणि दुसऱ्या दिवशी हकालपट्टी, जर्मनीच्या इतिहासात पहिल्यांदा. घरातला माणूस घरातली दुखणीही घेऊन येतो हो.

आणि युनायटेडमध्येच बस्बीनंतर १९६९ ला मॅकगिनेस आला, घरातलाच, ३१ वर्षांचा, कालपर्यंत ज्यांच्याबरोबर उठबस त्यांनाच टीममधून काढायचं. १९७० चा डिसेंबर उजाडेपर्यंत गेला. परत बस्बी. १९७४ ला क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये.

काकू_नंबर_दहा

तुम्ही दोघं असिस्टंट-असिस्टंट करत बसलायत आणि बस्बीचं नाव घेऊनही खरी गोम सांगत नाही. मॅकगिनेस फेल का गेला? बस्बी जनरल मॅनेजर म्हणून त्याच इमारतीत बसला होता! खेळाडूंना टीममधून वगळलं की जिना चढून वर जायची सोय. शँकलीचंही तेच, रिटायर झाल्यावर मेलवुडला (लिव्हरपूलच्या सरावाच्या मैदानावर) ट्रेनिंगला हजर, पोरं त्यालाच बॉस म्हणायची, बिचाऱ्या पेझलीला काय वाटत असेल. शेवटी येऊ नका असं सुचवावं लागलं. आणि फर्ग्युसन तर डायरेक्टर बॉक्समध्ये, मॉयसने गोल खाल्ला की कॅमेरा थेट त्याच्या तोंडावर. वारस कोण हे दुय्यम आहे, म्हाताऱ्याला मैदानापासून लांब ठेवा आधी.

मी हे भोगलंय म्हणून सांगते. आमच्या ऑफिसात जुने साहेब रिटायर झाले, मोठा समारंभ झाला, सगळे रडले. पुढच्या आठवड्यात साहेब परत हजर. सहज आलो म्हणे. बाहेरच्या सोफ्यावर बसायचे आणि लोक सवयीने फाइली त्यांच्यासमोर धरायचे. नवीन बाई केबिनमध्ये, निर्णय सोफ्यावर. तिने कधी तोंडातून शब्द काढला नाही, एक दिवस बदली मागून गेली. सगळे म्हणाले बाई कमकुवत होत्या. कोणी सोफ्याबद्दल बोललं नाही.

काठावरचा

काकू, +१००. मॉयसचं पुस्तक सोफ्यापासूनच सुरू व्हायला हवं.

गोलपोस्टमागे

एरवी वाचनमात्र असतो पण काकूंचा प्रतिसाद लागला. "म्हाताऱ्याला लांब ठेवा" म्हणे. माझे वडील असेच रिटायर झालेले साहेब. ते कधी स्वतःहून गेले नाहीत, त्यांना फोन यायचे. नवीन माणसाचेच यायचे, रात्री जेवताना सुद्धा, कुठला कागद कुठे आहे, कोणाशी कसं बोलायचं. सहा महिने त्यांनी फुकट नोकरी केली. आणि मग काहीतरी बिनसलं तर तोच माणूस सगळ्यांना सांगत सुटला की जुने साहेब ढवळाढवळ करतात म्हणून. त्यानंतर वडील त्या रस्त्याने जायचे बंद झाले. ज्याने आयुष्य दिलं त्याला एक सीट पण द्यायची नाही? फर्ग्युसन काय स्टँडमधून सब्स्टिट्यूशन करत होता? कॅमेरामन फोकस करतो त्यात त्याची काय चूक?

आणि त्याने शेवटच्या घरच्या मॅचला माइक हातात घेऊन सगळ्यांना सांगितलं होतं की आता तुमचं काम नव्या मॅनेजरच्या पाठीशी उभं राहायचं. हे सोयीस्कर विसरलात.

काकू_नंबर_दहा

तुमच्या वडलांबद्दल मी एक शब्द बोलले नाही, उगाच अंगावर ओढून घेऊ नका. सगळ्यांचे साहेब सारखे नसतात. पण भाषण देऊन माणूस जात नाही. तो समोर बसलाय म्हटल्यावर खेळाडूच्या मनात तुलना होणारच, त्याने काही करायची गरजच नाही. क्लॉपने बघा, शेवटच्या दिवशी अख्ख्या स्टेडियमसमोर स्लॉटच्या नावाचं गाणं म्हटलं आणि निघून गेला. असं जायचं असतं.

गोलपोस्टमागे

क्लॉप ५६ चा होता काकू. त्याला पुढे अजून नोकऱ्या होत्या. ७१ व्या वर्षी सोडणाऱ्या माणसाने कुठे जायचं? त्याच्याकडे ते मैदानच आहे फक्त. गी रू ने काय केलं? ओझेर या फ्रेंच क्लबचा कोच १९६१ पासून, २००० ला सोडलं, एका सीझनमध्ये परत आला. परत का आला? कारण दुसरं काही येतच नव्हतं त्याला. हसू नका यावर.

ऑफसाइडवाला

हा फुटबॉलचा धागा आहे की निवृत्तांचा कट्टा? सोफा, वडील, फाइली, आता फक्त पेन्शन आणि गुडघेदुखी राहिली.

मुख्य मुद्द्यावर येतो. धागाकर्त्याला स्पोर्टिंग डायरेक्टर नावाच्या प्राण्याचं फार कौतुक दिसतंय. मला त्या जमातीचा मनस्वी तिटकारा आहे हे आधीच सांगतो. आर्सेनल २०१८. कोच वेंगर १९९६ पासून. तो जायच्या आधीच क्लबने खेळाडू शोधायला मिसलिंटाट आणला, फुटबॉलचा कारभार बघायला सान्येही आणला, धागाकर्ता म्हणतो तसं सगळं, अक्कल एका डोक्यातून काढून चार डोक्यांत वाटली. मग लंबीचौडी प्रोसेस करून आर्टेटाला जवळजवळ नक्की केला आणि ऐनवेळी एमेरी घेतला. एमेरी २०१९ च्या नोव्हेंबरात आउट. डिसेंबरात कोण आला? आर्टेटा. म्हणजे ज्याला नको म्हणाले त्यालाच आणायला दीड वर्ष घालवलं. आणि प्रोसेसवाले ते दोघं? ते पण गेले. मग सांगा, तुमच्या प्रोसेसने काय दिवे लावले?

काठावरचा

एमेरी इतका वाईट होता की पहिल्याच सीझनला युरोपा फायनल खेळला. चेल्सीकडून ४-१ मार खाल्ला, बरं. पण क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये गेला नाही आणि दुसरा माणूस आणायची ताकद शिल्लक राहिली. युनायटेडने २०१३ नंतर मॉयस, वॅन गाल, मोरिन्यो, सोलशार, रांगनिक, टेन हाग, अमोरिम असे सगळे करून बघितले आणि लीग एकदाही नाही. तरी तुम्हाला आर्सेनल वाईट वाटत असेल तर हात जोडतो.

ऑफसाइडवाला

सोलशार युनायटेडचाच जुना खेळाडू, म्हणजे घरातलाच होता ना हो? शिटीसाहेब, तुमचं काय म्हणणं त्यावर? :)

शेवटचीशिटी

सोलशार कधी फर्ग्युसनच्या हाताखाली फर्स्ट टीमचा असिस्टंट नव्हता. घरातला म्हणजे जुना भाडेकरू नव्हे.

बदलीखेळाडू

भांडण चालू दे, मी फक्त जर्मनीतल्या फ्रायबुर्ग क्लबचं उदाहरण ठेवून जातो. कोच श्ट्राइश २०११ च्या डिसेंबरपासून, २०२४ च्या मार्चमध्ये सांगितलं की सीझनअखेर जातो, आणि थोड्याच दिवसांत वारस जाहीर, शूस्टर. क्लबचा जुना कॅप्टन. खेळणं थांबल्यावर त्याला अकादमी आणि फर्स्ट टीम यांच्यामधल्या दुव्याचं काम दिलं होतं, म्हणजे वरचे पण ओळखीचे आणि खालची पोरं पण. असिस्टंट म्हणून सावलीत वाढलेला नाही आणि बाहेरचा पण नाही. हेड कोच म्हणून अनुभव शून्य. पहिल्याच सीझनला पाचवा नंबर, चॅम्पियन्स लीग शेवटच्या दिवशी हुकली. आता हा कोणाच्या बाजूने धरायचा ते तुम्ही दोघं ठरवा.

शेवटचीशिटी

माझ्या. घरातला आहे.

काठावरचा

क्लबने घडवलाय, कोचने नेमला नाही. त्यामुळे माझ्या. पण ठीके, घरातला माणूस चालू शकतो इतकं देतो तुम्हाला, दिवाळी समजा. अट एकच, त्याला तयार करणारा क्लब असावा आणि जाणाऱ्याला व्हेटो नसावा.

शेवटचीशिटी

दिल्याबद्दल धन्यवाद मालक. मग माझंही एक घ्या, जायचं आधी जाहीर करावं की नाही यावर तुम्ही गप्प आहात. फर्ग्युसनने एकदा २००१-०२ ला आधीच सांगितलं होतं, सीझन हातातून गेला, फेब्रुवारीत निर्णय मागे घेतला आणि तिसरे आले. म्हणूनच २०१३ ला मे उजाडेपर्यंत तोंड उघडलं नाही. ही गुप्तता तुम्हाला पाप वाटते, त्याला तो धडा होता.

काठावरचा

आणि बायर्न म्युनिकचा कोच हाइंकेस? २०१३ च्या जानेवारीतच बायर्नने सांगून टाकलं की पुढच्या सीझनला ग्वार्डियोला. त्याच सीझनला म्हाताऱ्याने तिन्ही कप उचलले. जाहीर करण्याने टीम मरत नाही. आणि जगाला नका सांगू हवं तर, क्लबला तरी वेळेवर सांगा ना.

गोलपोस्टमागे

हाइंकेस ६७ चा होता तेव्हा आणि आपला वारस त्याने टीव्हीवर ऐकावा तसा ऐकला. तिन्ही कप उचलणाऱ्या माणसाला विचारलं कोणी की बाबा तुला अजून थांबायचंय का? त्याच क्लबला २०१७ ला गळ्याशी आल्यावर त्यालाच परत घरून बोलावावं लागलं. तेव्हा नाही वाटलं कोणाला म्हातारा लांब बरा.

काकू_नंबर_दहा

बोलावलं तर यावं की, मी कुठे नाही म्हटलं. न बोलावता सोफ्यावर बसू नये एवढंच.

ऑफसाइडवाला

परत सोफा.

फ्रान्सचा कोच देशाँ, त्याने २०२५ च्या जानेवारीतच सांगून ठेवलं होतं की २०२६ चा वर्ल्डकप झाला की बास, २०१२ ला आलेला तो. फ्रान्सला तयारीला दीड वर्ष मिळालं आणि इतक्या वेळात सगळ्यांच्या तोंडी नाव एकच, झिदान. बाकी कोणाचा विचार तरी झाला का? यावर बोला कोणीतरी. आणि काकू, देशाँला स्टेडियममध्ये सीट द्यायची की नाही ते येणारा कोच बघेल, तुम्ही राहू द्या.