दाणेदार सेंद्रिय खत: यंत्र बसवून खर्च खरंच घटतो का?

कृष्णाकाठ:
सांगली-कोल्हापूर पट्ट्यात प्रेसमड (साखर कारखान्यात उसाचा रस गाळून उरलेला गाळ) आणि शेणापासून खत करणाऱ्यांना हल्ली ग्रॅन्युलेटर, म्हणजे भुकटीचे दाणे करणारं यंत्र, घेण्याचा आग्रह होतोय. ‘खर्च कमी होईल’ हे मला पटत नाही. दाणा बांधणं स्वस्त आहे, पैसा जातो तो वाळवण्यात. २० टक्के ओलाव्याचं एक टन तयार खत म्हणजे ८०० किलो कोरडा माल. कच्चं खत ३५ टक्के ओलं असेल तर सुमारे २३० किलो पाणी उडवायचं. जळण आणि वीज कोण भरणार? उसाच्या सरीत ट्रॉलीने भुकटी टाकली तर हा खर्चच नाही.

बांधावरून:
दादा, ऊस सोडून बाकीचे शेतकरी विसरलात. आमच्या लातूरकडे सोयाबीनला खत पेरणी यंत्रातूनच जातं. ओलसर भुकटी नळीत तुंबते, दाणा सरळ पडतो. भुकटी वाऱ्याने उडते, आणि त्याच पोत्यात दाणा वजनाने जास्त बसतो, म्हणजे लांबच्या वाहतुकीत बचत. आणि ३५ टक्के ओलं खत ड्रायरमध्ये घालायचंच कशाला? उन्हाळ्यात ढीग पालटून २८ वर आणा, तेच पाणी ११० किलोवर येतं. निम्मं जळण वाचलं!

वर्कशॉपवाला:
यंत्र कोणतं, त्यावर सगळं आहे. पॅन ग्रॅन्युलेटरमध्ये (फिरत्या तिरप्या ताटाचं यंत्र) पाणी शिंपडूनच दाणा बांधला जातो, म्हणजे वाळवलेला माल पुन्हा ओला करून पुन्हा वाळवायचा. फ्लॅट डाय पेलेट मशीन (डाय म्हणजे भोकांच्या चकतीतून रोलरने माल दाबून काढणारं) कमी ओलाव्यावर चालतं, पण मालात खडे-वाळू असली की डाय आणि रोलर झिजतात. आधी चाळणी आणि लोहचुंबक लावा, तिथे काटकसर नको. बेंटोनाइट (चिकट माती) जास्त घालून दाणा कडक करणारेही पाहिलेत, त्याने सेंद्रिय कर्ब घटतो आणि तपासणीत नमुना नापास होऊ शकतो.

मातीमाय:
खत नियंत्रण आदेश १९८५ प्रमाणे सेंद्रिय खतात २५ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो, तरी लोक १० टक्क्यांपर्यंत भाजतात. मग ३५ टक्के ओल्या मालातून तयार खताच्या टनामागे सुमारे ३८५ किलो पाणी काढावं लागतं. वर ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी आणि ॲझोटोबॅक्टर जिवाणू उष्णतेने मरतात. ते घालायचेच तर दाणा थंड झाल्यावर घाला.

बांधावरून:
ताई, २० टक्क्यांवर पोती थप्पीला लावली की पावसाळ्यात बुरशी धरते. मी १५ च्या वर जाऊ देत नाही.

कृष्णाकाठ:
पेरणी यंत्राचा मुद्दा मान्य. पण उन्हाचा फायदा फेब्रुवारी ते मे, आणि खत विकलं जाणार जूनमध्ये. तोवर पैसा मालात अडकणार आणि नंतर चार महिने यंत्र बसून राहणार. आमच्याकडे ऊसच जास्त, त्यामुळे माझं मत बदललेलं नाही. ज्यांना दाणा हवाच आहे त्यांनी पहिला हंगाम जॉबवर्कवर, म्हणजे दुसऱ्याच्या यंत्रावर पैसे देऊन, करून पाहावा.

वर्कशॉपवाला:
जॉबवर्क चालेल, फक्त माल घरीच वाळवून, चाळून न्या. ओला नेलात तर पाण्याचं ट्रकभाडं भराल.