चिपळूण ते रेडी: सोसायटीच्या ग्रुपवर सहलीची आखणी

सेक्रेटरी: मंडळी, टेम्पो ट्रॅव्हलर मिळतोय. चार दिवस, रेडीपर्यंत. हायवेने की सागरी मार्गाने, ते आज ठरवूया.

ए-२ दादा: हायवेनेच. वेळ वाचेल.

बी-४ काकू: दादा, देव सगळे खाली किनाऱ्याला. दर दर्शनाला हायवे सोडून उतरा, परत वर चढा, त्यातच दिवस जाईल. आधी गुहागरचा व्याडेश्वर, मग हेदवीचा दशभुज गणेश आणि तवसाळला फेरीबोटीत गाडी घालून जयगड. शास्त्रीच्या खाडीचा वळसा वाचतो, नानांना खाडीही बघायला मिळते. मुक्काम गणपतीपुळ्याला. तिथे डोंगरच देव, म्हणून प्रदक्षिणा डोंगराला, साधारण एक किलोमीटर. ती सकाळी लवकरच घालूया. दुपारी वाट तापली की अनवाणी म्हाताऱ्या पायांना झेपत नाही.

सी-१ वहिनी: अंगारकी टाळा हं, रांगेत ज्येष्ठांचे हाल होतात. आणि मुलं समुद्रात जायचं म्हणतायत.

बी-४ काकू: पुळ्याला पाण्यात अजिबात नाही! तिथे पाण्याला ओढ फार. वाळूत खेळू देत.

ए-१ ताई: आईंना पावसला स्वरूपानंदांच्या समाधीपाशी निवांत बसायचंय. घाई नको.

बी-४ काकू: दुसरी दुपार पावसलाच ठेवू, खिचडीचा प्रसादही मिळेल. पुढे पूर्णगडचा पूल ओलांडून कशेळीचा कनकादित्य, आडिवऱ्याची महाकाली. मुक्काम कुणकेश्वरला, देऊळ अगदी समुद्राला लागून.

ए-२ दादा: पटलं. सागरी मार्गानेच जाऊ. तिसऱ्या दिवशी मालवणला सिंधुदुर्ग किल्ला, पण होडीत चढता-उतरताना ज्येष्ठांचा हात धरायला आम्ही दोघं-तिघं पुढे राहतो. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं देऊळ सगळ्यांनी बघायचंच. चुन्यातला शिवाजी महाराजांच्या हाताचा ठसा बघायला मात्र पायऱ्या चढाव्या लागतात, ज्यांना जमेल त्यांनीच या.

सी-१ वहिनी: मध्ये मार्गशीर्षातला गुरुवार येतोय. आम्हा चौघींचं जेवण शाकाहारी सांगा, बाकीच्यांनी खुशाल सुरमई खावी.

सेक्रेटरी: नोंद केली. चौथ्या दिवशी रेडी. १९७६ साली खाणीत सापडलेली द्विभुज गणपतीची मूर्ती. तिथून ज्यांना गाडीचा प्रवास सोसवणार नाही, त्यांना सावंतवाडीहून रेल्वेने चिपळूणला पाठवू. नावं रविवारपर्यंत कळवा.

बी-४ काकू: नानांचं नाव आत्ताच लिहा, आणि बर्थ खालचा बघा.