सगळं पहिल्याच बैठकीत वदवून घेऊ नका

'एकदा सगळं बोलून टाकलं की मन मोकळं होतं' असं बरेच जण म्हणतात. लढाईतल्या प्रसंगाचा धसका (पीटीएसडी) घेतलेल्या माजी सैनिकांच्या बाबतीत ते अर्धंच खरं. पहिल्याच भेटीत प्रसंग खोदून काढला तर माणूस बेचैन होऊन जातो आणि बरेचदा परत फिरकत नाही. प्रोलाँग्ड एक्स्पोजर, म्हणजे टाळलेल्या आठवणींना नि गोष्टींना हळूहळू सामोरं जाण्याच्या उपचारात साधारण ९० मिनिटांची ८ ते १५ सत्रं असतात. पहिल्या दोनांत माहिती, श्वासाचा सराव आणि टाळल्या जाणाऱ्या गोष्टींची त्रासानुसार ० ते १०० अशी यादी. प्रसंग सांगणं सहसा तिसऱ्यापासून.

आपल्याकडे नाशिकजवळ देवळालीला चालणारा लष्कराचा तोफांचा सराव हा आणखी एक घोळ. घरचे मायेपोटी खिडक्या लावतात, टीव्ही मोठा करतात, त्यानं भीती उलट पक्की होते. पण म्हणून एकदम तोफांच्या रेंजजवळही नेऊ नका. थेरपिस्टशी ठरवून आधी मोबाइलवर तोफांचा बारीक आवाज, मग गच्चीवरून लांबचा. अस्वस्थता निम्म्यावर येईपर्यंत, बहुधा ३० ते ४५ मिनिटं, तिथंच थांबायचं. ऐन भरात उठलं की मेंदू 'पळालो म्हणून वाचलो' एवढंच शिकतो. आणि दोन पेग लावून केलेला सराव तर धरूच नका!