मदत हवी आहे : गायिका लुलूच्या जुन्या टीव्ही कार्यक्रमांबद्दल

मंडळी, आमच्या जुन्या गाण्यांच्या गटात पुढची बैठक माझ्याकडे आहे आणि मी स्कॉटलंडची लुलू निवडली आहे. जन्म १९४८चा, वाढली ग्लासगोत. १९६४मध्ये ‘शाउट’ गाजलं तेव्हा ही पोरगी अवघी पंधरा वर्षांची, आणि आवाज असा खणखणीत की विश्वास बसू नये! ‘टू सर, विथ लव्ह’ १९६७मध्ये अमेरिकेत सलग पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. ब्रिटनमध्ये मात्र तेच गाणं तबकडीच्या मागच्या बाजूला टाकलेलं. कंपनीवाल्यांच्या डोक्याला काय म्हणावं!

पुढे युरोव्हिजन ही युरोपातली गाण्यांची स्पर्धा, १९६९ (चार देश संयुक्त विजेते, त्यात ही), १९७४चं बाँडपटाचं शीर्षकगीत वगैरे. ते सगळं सहज मिळतंय.

अडलंय ते बीबीसीवरच्या कार्यक्रमांपाशी. जानेवारी १९६९मध्ये तिच्याच कार्यक्रमात गिटारवादक जिमी हेंड्रिक्सनं ‘हे जो’ अर्ध्यावर सोडलं आणि नुकत्याच फुटलेल्या ‘क्रीम’ बँडला मानवंदना म्हणून त्यांचं गाणं सुरू केलं. प्रक्षेपण थेट, वेळ संपत आलेली, निर्मात्यांची पळापळ. हा तुकडा सापडला, पण मला निवेदिका म्हणून बोलणारी, पाहुण्यांशी गप्पा मारणारी लुलू दाखवायची आहे.

तिचे पूर्ण भाग अधिकृतपणे कुठे बघायला मिळतील? ब्रिटनमधल्या कुणाला ठाऊक असेल तर कृपया सांगा. आणि १९९३चं ‘टेक दॅट’ या बँडसोबतचं गाणं शेवटी ठेवू की सुरुवातीला? गटात बहुतेक जण साठीपुढचे आहेत.